निलंग्याची गाडी आणि उल्लेखांची मोजणी

अनंत चतुर्दशी झाली की माझ्या टाचांना अजून ऐकू येतं. कानांना आता फारसं येत नाही, ते तुम्हाला फोनवर कळतंच. पण गणपती उठले, रस्त्यावरचा गुलाल चिखलात मिसळला, की टाचा जमिनीला लागून काहीतरी ऐकत बसतात. खालून ट्रक गेला तरी मी ओट्याला हात लावून उभी राहते आणि मांडणीतली ताटं वाजतात का ते बघते. तीस वर्षं उलटून गेली. लातूर सोडून नांदेडला राहायला आले, त्यालाही बराच काळ लोटला. तरी भूकंपानंतरचे ते दोन-तीन महिने दरवर्षी याच दिवसांत परत येतात.

यंदा ते ईशाच्या ईमेलमधून आले, म्हणून हे लिहायला बसले आहे. निनाद, तूही वाच. बहिणीची बाजू घ्यायची असेल तर घे, पण शेवटपर्यंत वाचून मग घे.

ईशा, तू तुझा नुकताच छापून आलेला लेख पाठवलास आणि सोबत एक चित्र. त्यात निळ्या पट्ट्या होत्या, दरवर्षी उंच होत जाणाऱ्या. इतक्या लेखांनी तुझ्या आजवरच्या लेखांचा उल्लेख केला आहे, असा त्याचा अर्थ. "आजी, लोक मला वाचतायत," असं तू लिहिलं होतंस. तो आकडा मी इथे लिहीत नाही. मी चष्मा पुसला आणि लेख उघडला. चौथ्या पानावर एक वाक्य आहे. मराठवाड्यातल्या भूकंपाआधी गावकऱ्यांनी केलेल्या धक्क्यांच्या नोंदी यंत्रांच्या वेळांशी जुळत नाहीत, त्या भीतीपोटी केलेल्या असाव्यात, असं ते वाक्य म्हणतं. पुढे कंसात एका जुन्या लेखाचा उल्लेख. मी टॅबलेट उपडा घातला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. त्या वाक्यात एक माणूस खोटा ठरला आहे, आणि त्याला खोटं ठरवायला सुरुवात मी केली होती.

मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. भूकंपाने आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीला तिरकी भेग गेली आणि पुस्तकांच्या कार्डांचे खण बाहेर येऊन पडले. लेखकाचं एक, विषयाचं एक, नावाचं एक, अशी सगळी कार्डं जमिनीवर पत्त्यांसारखी मिसळलेली. मी दिवसभर बैठक मारून ती अकारविल्हे लावत असे. बाहेर कोरडं, पिवळं ऊन पडलेलं असायचं. करडी पेरायचे दिवस होते, पण रस्त्याने औतांपेक्षा मदतीचे ट्रक जास्त जात. त्यांची धूळ कार्डांवर बसायची आणि मी ती एकेक करून फुंकायची. एक शेकडा लावून झाला की मला बरं वाटे. किल्लारीकडे काय चाललं आहे हे कळत असूनही बरं वाटे. हे मी लपवत नाही.

मग कागदवाले आले. हे नाव माझं नव्हे, औसा तालुक्यातल्या एका गावातल्या बायांनी ठेवलेलं. पत्र्याच्या शेडसमोर जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता, शहरातून आलेल्या स्वेटरांचा आणि नायलॉनच्या साड्यांचा. त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "सकाळी भाकरीवाले येतेत, दुपारी कागदवाले. भाकरीवाले बरे, इचारीत तरी न्हाईत." कोण किती वाजता उठला, भिंत कुठल्या अंगाने पडली, आवाज आधी की हादरा आधी, हे तिने दहा जणांना दहा वेळा सांगितलं होतं. अकराव्याला तिने उलटं सांगितलं. तेही छापून आलं असेल.

मी तिथे गेले होते एका डॉक्टरांबरोबर. दूरच्या मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ, पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालेलं, म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं. जीपमध्ये ते माझ्याशी कादंबऱ्यांबद्दल बोलले. मी फुलून गेले होते. लातुरात माझ्याशी असं कोण बोलत होतं?

त्या गावात गणपत मास्तर भेटले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, धोतर, वर कुणाच्या तरी मदतीचा चौकड्यांचा कोट. त्यांची बायको आणि सून भिंतीखाली गेल्या होत्या. मास्तरांनी आदल्या वर्षभरात गावात जाणवलेले सगळे लहान धक्के एका दोनशे पानी वहीत टिपून ठेवले होते. चार रकाने होते: दिवस, वेळ, काय हललं, कोणी सांगितलं. वहीच्या आधारे त्यांनी तहसिलीत दोन अर्जही दिले होते. तिथे त्यांना अफवा पसरवू नका असं बजावलं. गावात तर पारावर बसले की पोरं विचारायची, "मास्तर, आज कितीच्या गाडीनं येणार तुमचा भूकंप?"

गाडीचा टोमणा उगाच नव्हता. मास्तरांच्या वहीत घड्याळाची वेळ नव्हतीच. "निलंग्याची सकाळची गाडी गेल्यावर. रांजणातलं पाणी हललं. सांगणार सोजरबाई." "दुपारची गाडी वेशीत आली तवा. पत्रे वाजले." अशा सगळ्या नोंदी. मी विचारलं, मास्तर, घड्याळ नव्हतं का तुमच्याकडे? ते म्हणाले, "हाय की. पर घड्याळ माझ्या एकट्याचं. गाडी समद्या गावाची. कुणालाबी इचारा, गाडीवरून सांगतंय." वही देताना ते एवढंच बोलले की कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलं होतं.

वही मी लातूरला आणली आणि इंग्रजीत उतरवून काढली. इथे मी काय केलं ते नीट वाचा. 'निलंग्याची गाडी गेल्यावर' हे इंग्रजीत लिहायची मला लाज वाटली. कादंबऱ्यांबद्दल बोलणाऱ्या माणसासमोर हे असं ठेवायचं? मी लातूरच्या बसस्थानकावर गेले, चौकशीच्या खिडकीवरच्या रंगवलेल्या वेळापत्रकातून त्या गावाच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या आणि प्रत्येक नोंदीसमोर तास-मिनिटं घातली. सुंदर तक्ता झाला. चौथा रकाना पानावर मावत नव्हता, तो काढून टाकला. त्याबरोबर सोजरबाई गेल्या, बाकीचे सांगणारेही गेले. मास्तरांचं नाव कसं लिहू असं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'एक स्थानिक शिक्षक' पुरेल. मी तेच टाइप केलं. आभारांत माझं नाव मात्र आलं, पदवीसकट.

लेख वर्षभराने छापून आला. त्यात माझ्या तक्त्यातल्या वेळा दूरच्या केंद्रांवरच्या यंत्रांच्या वेळांशी ताडून पाहिल्या होत्या. एकही जुळत नव्हती. डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की गावकऱ्यांच्या असल्या नोंदी शास्त्राच्या कामाच्या नाहीत, घाबरलेल्या लोकांना काहीही हलल्यासारखं वाटतं. तो भाग त्यांनी फार छान इंग्रजीत लिहिला होता. मी लेखाची बांधणी केली, त्यावर क्रमांक घातला आणि कपाटात ठेवला. मास्तरांना कळवलं नाही.

आता ज्या गोष्टीची तुला इतकी मातब्बरी वाटते, ती उल्लेखांची मोजणी. ती मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. ग्रंथालयशास्त्र शिकत असताना हैदराबादला मी जाड, बारीक अक्षरांच्या सूच्यांवर डोळे फोडले आहेत. कोणत्या लेखाचं नाव पुढच्या किती लेखांनी घेतलं, हे बोट ठेवून मोजायचं. आमच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की लेखाचं वजन करायचा हा सर्वांत निःपक्षपाती तराजू आहे. मीही तेच खरं मानलं. चांगलं काम असेल तर लोक नाव घेतील, नाव घेतलं म्हणजे वाचलं असेल, वाचलं म्हणजे पटलं असेल. तीन पायऱ्या, आणि तिन्ही पोकळ.

ओटीचा ब्लाउजपीस माहीत आहे ना तुम्हाला? तुमच्या आईच्या कपाटात गठ्ठा आहे. एकीने दिला, दुसरीने कपाळाला लावून घेतला, घडी न मोडता तिसरीच्या ओटीत घातला. माझा एक जांभळा पीस मलाच चार वर्षांनी परत आला होता, दुकानाच्या चिठ्ठीसकट. तो किती ओट्यांत पडला ते मोजून कुणी त्या कापडाची प्रत ठरवली, तर आमच्या भिशीतल्या बायका हसून लोळतील. विद्यापीठांत मात्र त्यावर माणसं नेमली जातात.

आमच्याच कॉलेजात पुढे लेख आणि उल्लेख मोजून बढतीचे गुण द्यायची पद्धत आली, तेव्हाचं सांगते. स्टाफरूममध्ये दोन प्राध्यापक माझ्यासमोर ठरवत होते, तू तुझ्या लेखात माझे दोन उल्लेख घाल, मी माझ्यात तुझे दोन घालतो. एक भूगोलाचा, एक मराठीचा. मी म्हटलं, सर, गोदावरीच्या गाळावरच्या लेखात ओव्या कुठे बसवणार? ते म्हणाले, "मॅडम, शेवटी यादीत टाकायचंय, कोण वाचतंय." दोघांना बढती मिळाली. पेढे मीही खाल्ले.

तुम्हाला वाटेल म्हातारी कॉलेजवर चिडली आहे. कॉलेज सोडा, माझ्या गॅलरीतून बघा. समोरच्या रस्त्याला पूर्वी लिंबाची झाडं होती, आता क्लासचे फलक आहेत. लातूरच्या त्या पॅटर्नचं लोण इथे येऊन किती वर्षं झाली, पण फलक दरवर्षी वाढतात. त्यांवर पोरांचे फोटो, खाली गुण. माझ्या वरच्या खोलीत मुखेडची वैष्णवी राहत होती, परीक्षेची तयारी करायला. तिला यंदा चांगले गुण मिळाले आणि तीन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर तिचा फोटो झळकला. मी म्हटलं, तू तर एकाच क्लासला जात होतीस. ती हसली. "एकात नुसत्या दोन टेस्ट दिल्या, आजी. अन् तिसऱ्यात फक्त चौकशीला गेलते. त्यांनीच सगळ्यात मोठा फोटो लावलाय." मग उतरवायला सांग, असं मी म्हटलं. तर तिचे वडील मुखेडहून खास गाडी करून आले होते आणि तिन्ही फलकांखाली उभं राहून त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला होता. तिला अपूर्णांक शिकवणाऱ्या गावातल्या बाईंचा फोटो कुठेच नव्हता. ते वैष्णवीनेच सांगितलं, जिना उतरता उतरता, मी न विचारता.

गणपत मास्तर तो लेख बघायला आले ते लेख छापून आल्यावर दोन-तीन वर्षांनी. पुनर्वसनाच्या गावात त्यांना घर मिळालं होतं. हिवाळा होता, ग्रंथालयात ऊन टेबलापर्यंत आलं होतं. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. गावात कुणीतरी त्यांना म्हटलं होतं की मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं तर दोन वेळा अर्ज करून गप्प का बसलात, बायकोला तरी बाहेर काढायचं. ते शांतपणे सांगत होते. वहीचं मोठ्या पुस्तकात छापलं आहे असं त्यांनी ऐकलं होतं. तो कागद मिळाला तर दाखवता येईल, की मी लिहिलं होतं ते खरं होतं.

"माझं नाव हाय ना त्यात, बाई?"

मी म्हटलं, स्थानिक शिक्षक असं आहे. ते बरं म्हणाले. मग मी त्यांना तक्ता वाचून दाखवला, कारण दुसरं काय दाखवणार? सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. दुपारचे एक चाळीस. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ही वेळ कुठली, असं विचारलं. मी सांगितलं, गाडीची. वेळापत्रकातली.

मास्तर हसायला लागले. बायको गेलेला, गावाने हिणवलेला तो माणूस ग्रंथालयात तोंडावर उपरणं धरून हसत होता. "बाई, ती गाडी टायमाला कवा आली व्हती? फाट्यावर डायवर च्या पेतंय, साळंची पोरं भरतंय, मग निघतंय. सवा घंटा लेट, रोजच्याला. निजामाच्या काळापासून लेट हाय ती."

त्याच लेखाच्या दुसऱ्या पानावर यंत्रांच्या वेळा छापलेल्या होत्या. मी पेन्सिल घेतली आणि मास्तरांच्या प्रत्येक वेळेत सव्वा तास मिळवला. ओळीमागून ओळ जुळत गेली. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे, पण जुळत गेली. दोन जुळल्या नाहीत. मास्तर म्हणाले, त्या दोन चुकल्या असतील, कापून टाका. असं वाक्य मी पुढच्या आयुष्यात एकाही प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग हसणं थांबलं. ते म्हणाले, "मंजी मी खोटा ठरलो हाय का ह्यात?"

मी हो म्हटलं.

"मग तुमी लिवा की त्येंला. इंग्रजी तुमास्नी येतंय."

मी लिहिलं. खरंच लिहिलं, दोन पानं, तक्त्यासकट. डॉक्टरांचं उत्तर आलं, उत्तम कागदावर. लेखाची आता बऱ्याच ठिकाणी दखल घेतली गेली आहे, त्यामुळे या टप्प्यावर दुरुस्ती केली तर गोंधळ होईल. शिवाय गाडी उशिरा येत होती याला लेखी पुरावा काय? मला थेट नियतकालिकाला लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. चूक माझी होती आणि ती माझ्या नावासह छापून येणार होती. प्राचार्यांनी तो लेख फ्रेम करून ऑफिसात लावला होता, आभारांतल्या माझ्या नावाखाली लाल रेघ मारून. त्या पावसाळ्यात मास्तर एकदा आले, मी शिपायाला सांगितलं की बाई रजेवर आहेत. ते पुन्हा आले नाहीत.

तुझा ईमेल आल्यावर मी जे केलं ते तूच मला शिकवलं आहेस, ईशा. टॅबलेटवर त्या लेखाखाली बोट दाबलं की त्याचा उल्लेख करणारे सगळे लेख उघडतात, मग त्यांच्या खालचे. मी दोन महिने रोज दुपारी वहीत त्यांचा वंशवृक्ष काढला. मिळतील तेवढे लेख उघडून वाचले. डॉक्टरांच्या लेखाचा उल्लेख करणाऱ्या दुसऱ्याच लेखात त्याचा खंड क्रमांक चुकीचा छापला आहे. तिथून पुढे जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत तोच चुकीचा क्रमांक आहे. मूळ लेख हातात घेतला असता तर बरोबर क्रमांक मुखपृष्ठावरच दिसला असता. कुणी घेतला नाही. एकाने दुसऱ्याच्या यादीतून उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. घडी कुणी मोडली नाही. आणि प्रत्येकाने जाताजाता मास्तरांना एकदा खोटं म्हणून घेतलं. कुणी थोडक्यात, कुणी सविस्तर, एकाने तर विनोदाने.

तुझ्या यादीतही तोच चुकीचा क्रमांक आहे.

फोनवर मी तुला हे सगळं सांगितलं, तेव्हा तू समजुतीच्या आवाजात बोललीस. त्या आवाजाचा मला राग आहे, तो डॉक्टरांच्या पत्रातही होता. दुरुस्तीला कुणी मोजत नाही, असं तू म्हणालीस. तुझ्या नोकरीचा निर्णय डिसेंबरात आहे आणि समिती आकडाच बघते. "आजी, त्यानंतर आपण दोघी मिळून लिहू. आणि त्यात माझा लेख नको घालूस, प्लीज. बाकीचे घाल." मी विचारलं, तू मूळ लेख वाचला होतास का? तू म्हणालीस, सगळेच त्याचा उल्लेख करतात गं.

तू वाईट मुलगी नाहीस. ते डॉक्टरही वाईट नव्हते, आणि फ्रेम लावणारे प्राचार्य तर देवमाणूस होते. पण ही मोजणी कधी माणसाला खोटं बोलायला सांगतच नाही. ती फक्त म्हणते, आत्ता नको, डिसेंबरनंतर. मी तशा डिसेंबराची वाट पाहत निवृत्त झाले, आणि मास्तर त्या पुनर्वसनाच्या घरात वारले.

त्यांच्या मुलाला मी फोन केला होता, मास्तरांचं पूर्ण नाव विचारायला. तो औशाला ट्रॅक्टरची दुरुस्ती करतो. मागे इंजिन चालू होतं, त्यामुळे मला तीनदा सांगावं लागलं. शेवटी त्याने ते बंद केलं आणि म्हणाला, "आता काय करायचं त्याचं, मावशी? ज्यांना दावायचं व्हतं ती माणसंबी गेली." मग त्यानेच नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून. "नीट लिवा," म्हणाला.

नीट लिहिलं आहे. काल नियतकालिकाला पाठवलं, त्यांची पोचही आली. गाडी सव्वा तास उशिरा येत असे, सांगणार गणपत मास्तर, असं स्पष्ट नमूद केलं आहे. नव्या वेळांचा तक्ता सोबत जोडला आहे, न जुळलेल्या दोन नोंदींसह. मूळ तक्ता तपासून न पाहता ज्यांनी ज्यांनी त्या आधारावर मास्तरांना अविश्वसनीय ठरवलं, त्यांची यादीही दिली आहे. यादी अकारविल्हे लावायची माझी सवय, पण ही मी कालक्रमाने लावली. पहिलं नाव माझं आहे. शेवटचं तुझं.